गाढवाच्या मानेवरच्या रेघा

माणूस गेला की त्याचं काम थांबतं, अशी आपली समजूत असते. रेम्ब्रांटला ती लागू पडत नाही. १६६९ साली तो ॲमस्टरडॅममध्ये वारला आणि पुढची सव्वाशे वर्षं त्याची एचिंग्ज, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली चित्रं, वाढतच राहिली. १७९७ मध्ये व्हिएन्नाच्या शाही ग्रंथालयातल्या आडाम बार्च यांनी सूची छापली, तेव्हा आकडा ३७५ वर पोचला होता. मग ओहोटी लागली. १८७८ मध्ये मिडलटन या इंग्रज अभ्यासकाने ३२९ मान्य केली. चित्रकार आल्फोंस लेग्रो इतके कडक, की निर्विवाद म्हणावीत अशी त्यांनी ७१ च शिल्लक ठेवली. नंतरचे लोक इतके कठोर नव्हते. २०१३ साली एरिक हिंटरडिंग आणि याको रुटगर्स या डच अभ्यासकांनी जी जाडजूड सूची काढली, तिच्यात ३१४ एचिंग्ज आहेत. या सगळ्या काळात रेम्ब्रांटने अर्थातच एक रेघही वाढवली नव्हती. इतरांनी वाढवल्या, पण त्याबद्दल पुढे.

आकडा असा का फुगला, हे समजायला यादी करणारे कोण होते ते पाहावं. रेम्ब्रांटच्या एचिंग्जची पहिली सूची १७५१ साली पॅरिसमध्ये निघाली. ती तयार केली होती एडम-फ्रांस्वा जेर्सँ या चित्रविक्याने. ती छापून आली तेव्हा तो हयात नव्हता. एका चित्रकाराच्या सगळ्या छापचित्रांची अशी क्रमवार सूची त्याआधी कुणी केलेली नव्हती, म्हणून कलेच्या अभ्यासकांत तिचं नाव आजही मानाने घेतलं जातं. जेर्सँचा मान राखूनही म्हणावंसं वाटतं, की दुकानदाराने केलेली यादी लांबच होणार. नग जितके जास्त, तितकी संग्रह पुरा करायची हाव जास्त. ज्याच्याकडे ३०० आहेत त्याला उरलेली ४० सुखाने झोपू देत नाहीत.

बार्च दुकानदार नव्हते, पण त्यांनी सूची विषयवार लावली. आधी स्वतःची चित्रं, मग बायबलमधले प्रसंग, पुढे भिकारी, निसर्गचित्रं, म्हाताऱ्यांची डोकी. या पद्धतीत एक सोय आहे. भिकाऱ्यांच्या गर्दीत दोन-चार तोतये भिकारी सहज खपून जातात. १८७७ साली लंडनमध्ये फ्रान्सिस सीमोर हेडन यांनी बर्लिंग्टन फाइन आर्ट्स क्लबमध्ये एक प्रदर्शन भरवलं. हेडन पेशाने शल्यचिकित्सक, आणि स्वतः उत्तम एचिंग करणारे. त्यांनी विषय बाजूला ठेवून चित्रं सालवार मांडली. एवढं एकच केलं. पण त्यामुळे एकाच वर्षी एकाच माणसाने केलेली म्हणून सांगितलेली चित्रं शेजारी-शेजारी आली आणि हात वेगवेगळे दिसू लागले. १६३० च्या दशकाच्या सुरुवातीची काही मोठी चित्रं हेडन यांना एकट्याच्या हातची वाटेनात; शिष्यांचा आणि मदतनिसांचा हात त्यांना दिसू लागला. तिथून शंकांना जे तोंड फुटलं ते आजही मिटलेलं नाही.

शंका घेणारे सगळे शुद्ध हेतूने घेत होते असं मात्र नाही. १६३३ चं ‘भला शोमरोनी’ घ्या. जखमी प्रवाशाला घोड्यावरून उतरवून सराईत नेताहेत, दारात सराईवाला उभा आहे, खिडकीत एक बघ्या आहे, आणि अगदी पुढे, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, एक कुत्रा निवांत शौचाला बसलाय. एकोणिसाव्या शतकात काहींनी हे चित्र रेम्ब्रांटचं नाहीच असं म्हटलं. त्यांची कारणं रेघांच्या दर्जाबद्दलची होती हे खरं, पण त्या कुत्र्याने त्यांच्या निर्णयाला थोडा हातभार लावला नसेल असं मानायला मी तयार नाही. थोर माणसाने असलं काही काढू नये, असं आपल्याला मनातून वाटत असतं. आज ते चित्र रेम्ब्रांटच्याच खात्यावर आहे, कुत्र्यासकट.

‘हे कुणाचं?’ हा प्रश्न तैलचित्रापेक्षा एचिंगला विचारणं अवघड आहे, आणि त्याचं कारण त्या कामाच्या पद्धतीतच आहे. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर मेण आणि राळेचा पातळ थर द्यायचा. सुईने त्या थरावर रेखाटायचं, म्हणजे रेघेपुरतं तांबं उघडं पडतं. पत्रा ॲसिडमध्ये सोडायचा. उघडं तांबं ॲसिड खातं. मग थर पुसून टाकायचा, पत्र्यावर शाई चोळायची, वरची पुसून घ्यायची, खाचांतली राहू द्यायची, वर ओलसर कागद ठेवायचा आणि रुळांच्या प्रेसमधून काढायचा. आता यात चित्रकाराचा हात नेमका कुठे संपतो? थर कुणी दिला, ॲसिडकडे कोण बघत बसलं, शाई पुसताना पत्र्यावर पातळशी झाक कुणी मुद्दाम ठेवली? रेम्ब्रांट ती झाक ठेवायचा, आणि प्रत्येक प्रतीत वेगळी ठेवायचा. त्यामुळे एकाच पत्र्याच्या एका प्रतीत भर दुपार असते आणि दुसरीत दिवेलागण.

१६३३ मध्येच त्याने ‘क्रुसावरून उतरवणं’ हे आपलं मोठं चित्र एचिंगमध्ये आणायला घेतलं. पहिल्या पत्र्यावर ॲसिडने दगा दिला. थर फुटला आणि नको तिथे तांबं खाल्लं गेलं. तो पत्रा बाद झाला. दुसरा केला, आणि त्यात बराचसा हात यान फान फ्लीट या त्याच्या सहकाऱ्याचा आहे असं अभ्यासक मानतात. खाली सही मात्र एकट्या रेम्ब्रांटची, साल घालून, वर ‘विशेष हक्काने’ अशी जोडही दिलेली. आपल्याकडे अभंगाच्या शेवटी तुकोबांची नाममुद्रा आली म्हणून तो तुकोबांचाच, असं गाथेचा संपादक धरून चालत नाही. चाल बघतो, शब्द बघतो, जुन्या वह्या बघतो. इथेही तेच करावं लागतं. फरक एवढाच की इथली मुद्रा खुद्द मालकाने मारलेली आहे. कारखाना त्याचा, माल त्याच्या नावावर. सही खरी आहे आणि हात दुसऱ्याचा आहे, अशा चित्राला काय म्हणायचं?

याहून गुंतागुंतीचं एक चित्र ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या अभ्यासकक्षात मी टेबलावर ठेवून पाहिलं आहे. ‘इजिप्तला पलायन’, १६५३ च्या आसपासचं. डावीकडे लांबवर पसरलेलं खोरं, खडकाळ, बारीक बारीक ठिपक्यांनी आणि रेघांनी भरलेलं, एखाद्या परग्रहावरचं वाटावं असं. उजवीकडे दाट झाडी आणि तिच्या पायथ्याशी गाढवावर बसलेली मरिया, सोबत जोसेफ, छोटीशी आकृती. भिंगातून झाडीकडे पाहत गेलं की पानांच्या रेघांखाली दुसऱ्याच रेघा दिसायला लागतात. त्या पानांच्या दिशेने जात नाहीत. लांब, वळणदार, एकावर एक बसलेल्या. जरा वेळाने कळतं की हा पंख आहे. झाडात एका देवदूताचा पंख अडकलाय.

झालं असं, की हा पत्रा मुळात हेर्क्युलेस सेगर्स या चित्रकाराचा. त्यावर टोबियस आणि देवदूत यांच्या दोन मोठ्या आकृती उजवीकडे चालताना कोरलेल्या होत्या. सेगर्सनंतर तो पत्रा रेम्ब्रांटच्या हाती आला. त्याने त्या दोघांना घासून काढलं, त्या जागी आपली माणसं आणि झाडी आणली, आणि डावीकडचं खोरं जसंच्या तसं राहू दिलं. पंख मात्र पुरता गेला नाही. रेम्ब्रांटला तो घालवता आला नसता असं मला वाटत नाही. पत्रा घासायचं कसब त्याच्याकडे भरपूर होतं. हे चित्र आज दोघांच्याही सूच्यांत सापडतं आणि मला वाटतं दोन्ही सूच्या बरोबर आहेत. त्यातलं सगळ्यांत चांगलं जे आहे, ते खोरं, ते मात्र सेगर्सचं आहे, हे एकदा स्पष्ट म्हटलं पाहिजे.

कर्तृत्वाचा प्रश्न असा सरळ सुटत नाही म्हटल्यावर बाजार दुर्मिळतेकडे वळतो. तिथे निदान मोजता येतं. पण मोजायचं काय, हे ठरवण्यात खुद्द रेम्ब्रांटचा हात होता.

तो पत्रा पुरा होण्याची वाट न पाहता प्रती काढायचा. मग पत्र्यावर आणखी काम, पुन्हा प्रती. अशा प्रत्येक टप्प्याला एचिंगवाले ‘स्टेट’ म्हणतात. १७१८ साली हाउब्राकेन या चरित्रकाराने खवचटपणे नोंदवून ठेवलंय, की या युक्तीने रेम्ब्रांटने नाव आणि पैसा दोन्ही मिळवले. मुकुट असलेली जुनो आणि मुकुट नसलेली जुनो, गोऱ्या चेहऱ्याचा जोसेफ आणि सावळ्या चेहऱ्याचा जोसेफ, शेगडीजवळची बाई टोपीसह आणि टोपीशिवाय, असं सगळं ज्याच्याकडे नाही तो रसिकच नव्हे, अशी तेव्हा पद्धत पडली होती. हाउब्राकेनला रेम्ब्रांटचं फार प्रेम नव्हतं, म्हणून त्याचं म्हणणं थोडं कापून घ्यावं. ‘तीन क्रूस’चा पत्रा रेम्ब्रांटने अर्धाअधिक मोडून नव्याने केला; तो काही टोपी घालण्या-काढण्याचा खेळ नव्हता. तरीही गिऱ्हाईक काय खातं हे त्याला नीट कळत होतं, कारण तो स्वतःच तसलं गिऱ्हाईक होता. ल्युकास फान लायडेनच्या १५२० च्या ‘उलेनश्पीगेल’ची प्रत दुर्मिळ, म्हणून त्याने लिलावात तिला ८० रिक्सडालर मोजले. हे त्याचा शिष्य होगस्ट्रातेन सांगतो, आणि अजून त्या किमतीने चकित झाल्यासारखा सांगतो.

दुर्मिळतेची सगळी गंमत एकाच चित्रात पाहायची असेल तर ‘शंभर गिल्डरचं चित्र’ पाहावं. येशू मधोमध उभा, एका अंगाला आजारी, लंगडे, आंधळे, दुसऱ्या अंगाला वाद घालणारे शास्त्री. १६४८ च्या सुमाराचं हे काम. एक छापचित्र शंभर गिल्डरला जातं, ही तेव्हा बातमीच होती. १६५४ च्या एका पत्रात तिचा उल्लेख सापडतो. रेम्ब्रांटने मात्र त्याची एक प्रत झोमर नावाच्या मित्राला देऊन बदल्यात मार्कान्तोनिओ या इटालियन छापचित्रकाराचं ‘प्लेग’ घेतलं. तशी नोंद त्या प्रतीच्या पाठीवरच आहे आणि ती प्रत आता राइक्सम्युझियममध्ये आहे. या चित्राच्या पहिल्या स्टेटच्या ९ प्रती ज्ञात आहेत. दुसऱ्या स्टेटच्या पुष्कळ. दोहोंत फरक काय? चित्राच्या उजव्या कडेला, कमानीतून आत येणाऱ्या लोकांत एक गाढव आहे. दुसऱ्या स्टेटमध्ये त्याच्या मानेवर काही तिरक्या रेघा वाढल्या. बस्स. येशूच्या चेहऱ्यात फरक नाही, आजाऱ्यांत नाही, उजेडात नाही. गाढवाच्या मानेवर रेघा नसल्या तर ती प्रत जगातल्या नऊंपैकी एक, असल्या तर अनेकांतली एक. शतकानुशतकं संग्राहकांनी सगळ्यांत आधी भिंग नेलं ते त्या गाढवावर. शंभर गिल्डरच्या चित्रातला सगळ्यांत जास्त पाहिला गेलेला जीव तोच असावा.

पुढे या पत्र्याचं जे झालं ते वाचून हसावं की रडावं कळत नाही. त्यावर ॲसिडशिवाय ड्रायपॉइंटचंही काम होतं; ड्रायपॉइंटमध्ये सुई थेट तांब्यात ओढतात. रेघेच्या बाजूला तांब्याची बारीक कड उठते, ती शाई धरते आणि छापल्यावर रेघ मखमली दिसते. पण दहा-वीस प्रती निघाल्या की प्रेसखाली ती कड बसते आणि मखमल संपते. तसा झिजलेला हा पत्रा अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये कॅप्टन विल्यम बेली या निवृत्त सैनिकी अधिकाऱ्याकडे आला. गृहस्थाला एचिंगचा नाद होता. १७७५ च्या सुमारास त्याने सगळा पत्रा स्वतःच्या हाताने पुन्हा कोरून ठीकठाक केला, त्याच्या प्रती विकल्या, आणि त्यानंतर पत्र्याचे चार तुकडे करून त्या तुकड्यांच्याही वेगळ्या प्रती विकल्या. पत्रा कापला म्हणजे आता आणखी निघणार नाहीत, अशी हमी गिऱ्हाइकाला मिळाली. दुर्मिळता कशी पैदा करायची, हे रेम्ब्रांटला कळलं होतं असं आपण म्हणतो. कॅप्टन बेलीने ते कातरीने करून दाखवलं.

कागदाचीही अशीच कथा. १६४७ च्या सुमारापासून रेम्ब्रांट काही प्रती जपानी कागदावर छापू लागला. पिवळसर, रेशमी झाक असलेला, शाई अलगद घेणारा हा कागद डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून यायचा. याच कंपनीची वखार सुरतेत होती आणि आपल्या वेंगुर्ल्यातही होती. याच व्यापाराच्या वाटांनी हिंदुस्थानातली मुघल लघुचित्रंही ॲमस्टरडॅमला पोचली. रेम्ब्रांटने त्यांवरून वीसेक रेखाचित्रं केली, तीही जपानी कागदावर. झाडाखाली बसलेल्या चार साधुपुरुषांचं असंच एक चित्र त्याने पाहिलं, आणि १६५६ च्या ‘अब्राहमचे पाहुणे’ या एचिंगमध्ये देवदूत तशाच बैठकीत जमिनीवर मांडी ठोकून बसलेले आहेत. त्या एचिंगचा पत्रा वाचला तो एका योगायोगाने. त्याच्या पाठीवर पीटर गाइझेल्स या फ्लेमिश चित्रकाराने तैलरंगात निसर्गचित्र काढलं, मग तो भिंतीवर टांगला गेला आणि दोनशे-तीनशे वर्षं कुणाला त्याच्यावर हात चालवता आला नाही. आता तो वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे.

दुर्मिळतेची दुसरी जात सेगर्सकडे पाहावी. हा रेम्ब्रांटच्या आधीच्या पिढीतला. त्याच्या सुमारे ५४ पत्र्यांच्या मिळून जेमतेम १८० च्या वर प्रती जगात उरल्या आहेत, आणि कित्येक पत्र्यांची एकेकच प्रत आहे. रंगवलेल्या कागदावर, कापडावर, रंगीत शाईत तो छापायचा, वर कुंचला फिरवायचा. छापचित्र म्हणजे अनेक प्रती काढायची सोय, ही व्याख्याच त्याला मान्य नव्हती. दोन प्रती सारख्या निघाल्या तर त्याला चुकल्यासारखं वाटत असावं. होगस्ट्रातेन लिहून गेलाय की त्याची चित्रं विकली जात नव्हती, आणि दुकानदार त्यांत चरबी-साबण बांधून द्यायचे. यात थोडं तिखटमीठ असेल. पण रेम्ब्रांटचं दिवाळं निघालं तेव्हा, १६५६ मध्ये, त्याच्या घरातल्या सामानाची यादी झाली; तीत सेगर्सची ८ तैलचित्रं होती. बाजार ज्याला साबण गुंडाळायच्या लायकीचा समजत होता, त्याला रेम्ब्रांटने भिंतीवर लावलं होतं. रेम्ब्रांटची दुर्मिळता पुष्कळशी केलेली आहे, सेगर्सची झालेली आहे. माझ्या लेखी या दोहोंची किंमत एक नाही, बाजाराच्या लेखी काहीही असो.

दुर्मिळतेने एकदा चोरही पकडून दिला. रॉबर्ट डायटन हा लंडनचा व्यंगचित्रकार, गाणारा आणि नटही. ब्रिटिश म्युझियममध्ये छापचित्रं सांभाळणारे रेव्हरंड विल्यम बेलो यांच्याशी त्याने दोस्ती केली, त्यांची आणि त्यांच्या मुलीची चित्रं फुकट काढून दिली, आणि भेटीला येता-जाता रेम्ब्रांटची एचिंग्ज घेऊन जाऊ लागला. संग्रहालयाकडे तेव्हा चित्रांची यादीच नव्हती, त्यामुळे काही गेल्याचं कळायला वावच नव्हता. १८०६ मध्ये सॅम्युएल वुडबर्न या व्यापाऱ्याने डायटनकडून एक एचिंग १२ गिनींना घेतलं. चित्र होतं ‘घोडागाडी असलेला निसर्ग’. अस्सल की नक्कल, अशी वुडबर्नला शंका आली. एवढं दुर्मिळ चित्र ताडून पाहायला दुसरी प्रत कुठे मिळणार? तो ती घेऊन ब्रिटिश म्युझियममध्ये गेला, क्रॅकरोड यांनी १७९९ मध्ये दान दिलेल्या संग्रहातली प्रत पाहायला मागितली, आणि ती जागेवर नव्हती. त्याच्या हातात होती तीच ती. बेलोंची नोकरी गेली. डायटनने माल परत मिळवून द्यायला मदत केली म्हणून तो सुटला. दोनच वर्षांनी, १८०८ मध्ये, संग्रहालयाने छापचित्रांसाठी वेगळा अधिकारी नेमला.

या हकिकतीतला चटका वेगळाच आहे. ज्याच्यासाठी चोरी झाली, ज्याच्या दुर्मिळतेने चोरी उघडकीला आली, ते ‘घोडागाडी’वालं चित्र आज रेम्ब्रांटचं मानलं जात नाही. त्याच्या भोवतालच्या कुणा निसर्गचित्रकाराचं असावं असं म्हणतात. बार्चच्या सूचीत त्याला २१५ क्रमांक होता. आता तो क्रमांक रेम्ब्रांटच्या खात्यातून वजा आहे. प्रत तीच, रेघा त्याच, कागदही तोच. डायटन बिचारा दुसऱ्याच कुणाचं तरी चोरत होता.

मग विश्वास कशावर ठेवायचा? मी कागदावर ठेवतो. हल्लीच्या अभ्यासाने सगळ्यांत मोठी मजल मारली ती तिथेच. जुना कागद तारांच्या चौकटीवर हाताने गाळलेला असायचा, त्या तारांच्या रेघा आणि मधलं जलचिन्ह, विदूषकाची टोपी, लिलीचं फूल, ॲमस्टरडॅमची मुद्रा, कागदात उतरायचे. तारा वाकायच्या, झिजायच्या, बदलल्या जायच्या. हिंटरडिंग आणि इतरांनी हजारो प्रतींची जलचिन्हं क्ष-किरणांनी टिपून एकमेकांशी ताडली. दोन वेगळ्या चित्रांच्या प्रतींत तारेचं तेच वाकण दिसलं, तर कागद एकाच गाठोड्यातला, म्हणजे छपाई साधारण एकाच वेळची. रेघेबद्दल दोन तज्ज्ञ शंभर वर्षं भांडू शकतात. तारेच्या वाकण्याबद्दल भांडण लवकर मिटतं.

एका स्नेह्यांनी पॅरिसमधून काचेत मढवलेलं एक एचिंग आणलं होतं. ‘उधळ्या मुलाचं परत येणं’, १६३६ ची सही स्पष्ट. पायऱ्यांवर गुडघे टेकलेला, हाडं वर आलेला मुलगा, त्याच्यावर वाकलेला बाप, वर खिडकीचं दार ढकलून बाहेर डोकावणारी बाई. “रेम्ब्रांटच आहे ना, नीट बघून सांगा,” एवढंच त्यांचं म्हणणं. आम्ही चौकट उघडली. काच होती म्हणून इतके दिवस जे झाकलं गेलं होतं ते दिसलं: पत्र्याच्या कडेचा दाब कागदात उमटलेला, म्हणजे छापलं प्रेसवरच. एकोणिसाव्या शतकात आमाँ-द्युराँ या फ्रेंच माणसाने फोटोच्या साहाय्याने रेम्ब्रांटच्या उत्तम नकला तांब्यावर उतरवल्या. त्यांच्याही कडा अशाच उमटतात, पण पाठीवर त्याचा तांबडा शिक्का असतो. इथे शिक्का नव्हता. मुलाच्या पाठीवरच्या सावलीकडे भिंग नेलं. जिथे आडव्या-उभ्या रेघा मोकळ्या असायला हव्यात तिथे काळी गिचमीड. मग कागद खिडकीसमोर धरला. तारांची एकही रेघ नाही, जलचिन्ह नाही, सगळीकडे सारखा, दुधासारखा उजेड. असा बिनरेघी कागद छापखान्यात पहिल्यांदा वापरला गेला १७५७ मध्ये, इंग्लंडमध्ये, बास्करव्हिलने छापलेल्या व्हर्जिलसाठी. रेम्ब्रांटला जाऊन तेव्हा ८८ वर्षं झाली होती.

म्हणजे ही नक्कल नव्हती आणि हे रेम्ब्रांटने छापलेलंही नव्हतं. त्याचे बरेच पत्रे एका हातातून दुसऱ्या हातात जात १७८६ मध्ये पॅरिसच्या पिएर-फ्रांस्वा बासाँ या प्रकाशकाकडे आले. बासाँने, मग त्याच्या मुलाने, मग आणखी दुकानदारांनी ते पुनःपुन्हा कोरून छापले. शेवटी १९०६ मध्ये एक आवृत्ती निघाली आणि उरलेल्या ७८ पत्र्यांवर शाई आणि वार्निश चढवून ते चौकटीत बसवले गेले. पुढे ते अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाला पोचले आणि १९९३ मध्ये जगभर विकले गेले. स्नेह्यांचं चित्र या लांबच्या प्रवासातल्या कुठल्या तरी टप्प्यावरचं. तांबं रेम्ब्रांटचं, मूळ रेघ रेम्ब्रांटची, वरची काजळी दुकानदाराची. त्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, “मग मी लोकांना काय सांगू?” जे आहे ते सांगा, म्हटलं, रेम्ब्रांटच्या पत्र्याची उशिराची प्रत. हे काही कमी नाही. पण यापेक्षा त्याच्या भोवतालच्या एखाद्या अनाम माणसाची तेव्हाच्या कागदावरची ताजी, मोकळी प्रत मी केव्हाही घेईन, नाव नसलं तरी.

तुमच्यावर कधी जुनं एचिंग घ्यायची वेळ आली, तर सही शेवटी बघा. आधी काच काढायला लावा, पाठ बघा, कागद उजेडासमोर धरा. दुकानदार काच काढायला तयार नसेल, तर चित्र तिथेच राहू द्या.